कोकणच्या दमट हवेत टोमॅटोचं घरचं बी कसं धरायचं

देशावर टोमॅटोचं बी काढून कागदाच्या पुडीत बांधून फळीवर ठेवलं तरी पुढच्या हंगामात बऱ्यापैकी उगवतं. कोकणात तीच पुडी आषाढात मऊ पडते. भाद्रपदात उघडावी तर बियांवर काळपट ठिपके आणि कुबट वास. बी काढायची रीत दोन्हीकडे एकच आहे. आपल्याकडे खरं काम आहे ते बी वाळवण्याचं आणि पावसाळाभर सुकं राखण्याचं. म्हणून खालच्या पायऱ्यांपैकी सहावी आणि सातवी सावकाश वाचा. बाकीच्या पायऱ्यांत थोडं मागेपुढे झालं तरी निभावतं.

आधी हंगामाचं गणित. किनारपट्टीवर टोमॅटोचं मुख्य पीक पावसाळ्यानंतरचं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात रोपं टाकायची, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायची, आणि साधारण जानेवारीपासून फळं सुरू. बियाला धरायची फळं जानेवारीअखेर ते मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातली असावीत. त्यानंतर रात्री उकडू लागतं. रात्रीचं तापमान २१-२२ अंशांच्या खाली उतरेनासं झालं की फुलं गळतात, जी फळं धरतात ती लहान राहतात आणि त्यांत बीही कमी भरतं. शिवाय एप्रिल-मेमध्ये हवेतली वाफ इतकी वाढते की नुसत्या वाऱ्यावर बी पुरेसं वाळतच नाही. थोडक्यात, मार्चअखेरपर्यंत बी बाटलीत बंद झालेलं हवं.

काय काय लागेल

- काचेचे किंवा प्लास्टिकचे दोन-तीन ग्लास अथवा रुंद तोंडाच्या बरण्या. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम आणि लोखंड नको, आंबट रसाची त्यांच्यावर प्रक्रिया होते
- बारीक जाळीची गाळणी, अशी की बी खाली पडू नये
- जुनी मलमल किंवा धुतलेलं पातळ सुती कापड, आणि मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा
- चिनी मातीची किंवा स्टीलची पसरट ताटली
- रबरी वॉशर असलेल्या घट्ट झाकणाच्या लहान काचेच्या बाटल्या
- ओल शोषून रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे, ते न मिळाल्यास जुने तांदूळ
- कागदी पाकिटं, पेन्सिल, रंगीत लोकर
- जमल्यास सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा

१. वाण सरळ आहे की संकरित, ते पाहा

बाजारातून आणलेल्या टोमॅटोचं बी काढू नका. आपल्याकडे येणारा बहुतेक माल नारायणगाव, पिंपळगाव बसवंत अशा घाटावरच्या बाजारांतून येतो आणि तो बहुतांशी संकरित वाणांचा असतो. संकरित फळाचं बी उगवतच नाही, असं सांगितलं जातं. ते खरं नाही. उगवतं, छान उगवतं. पण पुढच्या पिढीत आई-बापांचे गुण वेगवेगळे फुटून निघतात. दहा रोपांना दहा तऱ्हेची फळं येतात, आणि ज्या रोगप्रतिकारासाठी तो वाण घेतला होता तो काही रोपांत उरतो, काहींत नाही.

पाकिटावर 'एफ १' किंवा 'संकरित' लिहिलेलं असेल तर त्याचं बी धरण्यात अर्थ नाही. अर्का रक्षक आणि अर्का सम्राट हे नावाजलेले वाण संकरितच आहेत. पुसा रुबी, अर्का विकास, अर्का आलोक, अर्का आभा, धनश्री, भाग्यश्री हे सरळ वाण. यांचं बी पिढ्यान् पिढ्या धरता येतं. कोकणात पहिल्यांदाच करत असाल तर अर्का आलोक किंवा अर्का आभा घ्या. आपल्या जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत जिवाणूजन्य मर फार येते. हे दोन्ही वाण त्या मर रोगाला दाद देत नाहीत.

उकिरड्यावर किंवा न्हाणीच्या सांडपाण्यावर आपोआप उगवणारा, बोराएवढ्या फळांचा टोमॅटो बऱ्याच घरांच्या परसात असतो. त्याला तण समजू नका. वर्षानुवर्षं स्वतःहून उगवत आलेला असल्याने तो आपल्या हवेला सरावलेला असतो आणि त्याचं बी जरूर धरावं. फक्त त्याच्यासाठी तिसरी पायरी जास्त काटेकोरपणे पाळा.

२. फळ नाही, झाड निवडा

नवखी मंडळी सगळ्यात मोठं फळ बियाला ठेवतात. पण सगळी फळं सुमार आणि एकच दांडगं असेल, तर ते त्या फांदीला मिळालेल्या जागेचं आणि अन्नाचं फळ असू शकतं. बियातून पुढे जातात ते झाडाचे गुण. म्हणून जे झाड पहिल्यापासून निरोगी आहे, वाणाच्या मूळ गुणाला धरून आहे, भरपूर आणि सारखी फळं देतंय, ते हेरा. त्याच्या खोडाला रंगीत लोकर बांधा, म्हणजे भाजीसाठी फळं तोडताना घरच्यांचा हात चुकून तिकडे जाणार नाही. एकाच झाडावर भिस्त ठेवू नका. किमान पाच-सहा झाडांचं बी एकत्र केलं तर वाणातली विविधता टिकते आणि एखादं झाड नंतर आजारी पडलं तरी काम अडत नाही.

खालची झाडं सरळ बाद करा:

- पानं आकसून वर वळलेली, शेंडा गोळा झालेला (बोकड्या, हा पांढऱ्या माशीमुळे पसरतो)
- पानांवर हिरव्या-पिवळ्या रंगांची चितारी
- फळांवर खरबरीत काळे ठिपके किंवा पांढऱ्या कड्यांचे डाग
- दुपारी मान टाकून संध्याकाळी सावरणारं झाड

या शेवटच्या झाडाची परीक्षा घरी करता येते. खोडाचा बुंध्याजवळचा वीतभर तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टोक बुडवून उभा धरा. पाच-दहा मिनिटांत कापाच्या तोंडातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागला तर ती जिवाणूजन्य मर. ते झाड मुळासकट उपटून जाळा, आणि निदान दोन-तीन वर्षं त्या वाफ्यात टोमॅटो, वांगी, मिरची लावू नका.

३. भेसळ टाळा

टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे वांगी-मिरचीच्या मानाने इथे भेसळ कमी. पण अजिबात नाही असं नव्हे. आपल्या परसात काळे भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या फुलाला धरून गुणगुणतात. त्या कंपनाने पराग सुटतो आणि त्यांच्या अंगाला चिकटून पुढच्या फुलावर जातो. प्रमाणित बियाण्याच्या शेतात दोन वाणांमध्ये किमान २५ मीटर अंतर ठेवतात, पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून पुढे प्रमाणित बी तयार करतात) ५० मीटर. परसात एवढी जागा कुठली असणार?

त्यावर सोपा उपाय पिशवीचा. मलमलीची किंवा पातळ जाळीदार कापडाची वीतभर पिशवी शिवा. फुलोऱ्यातल्या कळ्या पिवळ्या दिसू लागल्या, पण उमललेल्या नाहीत, अशा वेळी ती घोसावर चढवून दोरी सैल बांधा. रोज सकाळी दहाच्या सुमारास पिशवीवर बोटाने चार-पाच टिचक्या मारा. आत किडा जात नसल्याने पराग पाडायचं काम आता तुमचं. फळं वाटाण्याएवढी झाली की पिशवी काढा आणि त्या घोसाच्या देठाला लोकर बांधा. लोकर बांधायची राहिली तर महिन्याभरात कुठला घोस झाकला होता ते ओळखू येत नाही.

बोराएवढ्या गावठी टोमॅटोत स्त्रीकेसर बऱ्याचदा फुलाबाहेर डोकावतो, त्यामुळे भेसळीचा संभव जास्त. त्याला पिशवी हवीच.

४. फळ कधी तोडायचं

खाण्यासाठी तोडतो त्याच्या चार-पाच दिवस नंतर. देठापर्यंत पूर्ण लाल आणि दाबल्यावर किंचित मऊ. दुसऱ्या-तिसऱ्या घोसातली फळं घ्या. तोडल्यावर आणखी तीन दिवस घरात सावलीत ठेवली तरी चालतं, त्याहून जास्त नको. उन्हाळ्यात पार पिकलेल्या फळाच्या आतच बियांना मोड फुटतात. कापल्यावर पांढरे कोंब दिसले तर ते फळ बियाला गेलं म्हणायचं. पक्ष्यांनी टोचलेली, तडकलेली किंवा बुडाला काळी पडलेली फळं भाजीला वापरा.

५. बी काढणं आणि आंबवणं

फळ आडवं कापा, उभं नाही. आडव्या कापाने सगळे कप्पे एकदम उघडतात. बी बुळबुळीत गरासकट चमच्याने ग्लासात काढा. पाणी घालू नका. पाण्याने रस पातळ होतो आणि बी आंबण्याऐवजी मोडावर येण्याची शक्यता वाढते. गर फारच कमी असेल तर चमचाभर पाणी पुरे. एका ग्लासात एकच वाण, आणि ग्लासावर नाव. नंतर आठवेल या भरवशावर राहू नका. सगळ्या टोमॅटोंचं बी सारखंच दिसतं.

आंबवायचं कशाला? बियाभोवतीच्या गरात उगवण रोखणारी द्रव्यं असतात. फळाच्या आत बी उगवू नये म्हणून निसर्गाने केलेली ती सोय. आंबवण्याने गर सुटतो, ती द्रव्यं धुऊन जातात, आणि बियाच्या पृष्ठभागावरचे काही रोगजंतूही कमी होतात. गर न काढता चोळून वाळवलेलं बीही उगवतं, पण मागेपुढे, आणि दमट हवेत त्या वाळलेल्या गरावर बुरशी आधी बसते. म्हणून कोकणात ही पायरी टाळू नका.

ग्लासाच्या तोंडाला मलमल बांधा, नाहीतर चिलटं अंडी घालतील. सावलीत ठेवा. वास येईल, तेव्हा जागा पडवीतली निवडा, स्वयंपाकघरातली नको. दिवसातून दोन-तीन वेळा ढवळा.

किती वेळ, हा इथला खरा प्रश्न. थंड प्रदेशातल्या लोकांनी लिहिलेल्या कृतींत तीन ते पाच दिवस सांगितलेले असतात. आपल्याकडे फेब्रुवारीत ३६ ते ४८ तास पुरतात, मार्चमध्ये उकडत असेल तर २४ तासांतही काम होतं. घड्याळापेक्षा ग्लासावर लक्ष ठेवा. वर पातळ पांढरी साय आली, बुडबुडे दिसले, आणि दोन बोटांत बी चोळल्यावर बुळबुळीत न लागता खरखरीत लागलं, की लगेच धुवायचं. रात्री तसं लागलं तर रात्रीच धुवा. सकाळपर्यंत थांबलात तर मोड दिसू शकतात, आणि मोड आलेलं बी वाळवलं की मेलं.

६. धुणं आणि वाळवणं

ग्लासात तिप्पट पाणी ओता, ढवळा, अर्धा मिनिट थांबा. भरलेलं बी तळाशी बसतं. साय, गर आणि पोचट बी वर तरंगतं. वरचं अलगद ओतून द्या. पाणी नितळ होईपर्यंत, म्हणजे चार-पाच वेळा, असं करा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर शेवटचे दोन हात गोड्या पाण्याने द्या, कारण बियावर राहिलेला मिठाचा अंश हवेतली ओल ओढून घेतो. मग गाळणीत काढा आणि गाळणीची पाठ सुक्या फडक्यावर टेकवून पाणी टिपून घ्या.

वर्तमानपत्रावर किंवा टिश्यू पेपरवर पसरू नका. बी असं चिकटतं की खरवडताना साल जाते. ताटलीवर किंवा ताणून बांधलेल्या मच्छरदाणीच्या जाळीवर एकेरी थरात पसरा. जाळी जास्त चांगली, कारण खालूनही वारा लागतो. पाच-सहा तासांनी बोटांनी हलवा आणि झालेल्या गाठी तळहातांमध्ये चोळून मोकळ्या करा. पहिल्या दिवशी हे राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी बियांचा खडा झालेला असतो.

पहिला दिवस आणि पहिली रात्र मंद पंख्याखाली, सावलीत. ओलं बी पहिल्या चोवीस तासांत वरून सुकलं नाही तर मोडावर येतं. दुसऱ्या दिवसापासून आपल्या वाऱ्यांची वेळ पाळा. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा कोरडा असतो. दुपारच्या सुमारास खारा वारा सुरू होतो आणि तो ओल आणि मीठ दोन्ही घेऊन येतो. तेव्हा दहिवर उठल्यावर, साधारण नऊला, ताटली बाहेर काढा आणि साडेबारापर्यंत आत घ्या. खेड, चिपळूण, कणकवली अशा आतल्या भागांत तासभर जास्त मिळतो. मालवण, गुहागर, अलिबागला किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी वेळ काटेकोर पाळावी. आत आणल्यावर बी उघडं ठेवू नका. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी आणि रात्री घट्ट डब्यात असलं पाहिजे, नाहीतर सकाळी गेलेली ओल रात्रीत परत येते. आठ दिवस वाळवलं तरी बी नरमच, अशी तक्रार असते तिचं कारण बहुधा हेच.

कोवळं ऊन चालतं, भर ऊन नको. विशेषतः कातळावर, पत्र्यावर किंवा सिमेंटच्या खळ्यात आमसुलांसारखं वाळत घालू नका. ओलसर बियाला ३५ अंशांच्या वरची उष्णता सोसत नाही आणि तापलेला कातळ त्याच्या फार पुढे जातो. मुंग्यांसाठी ताटली पाण्याच्या परातीत पालथ्या वाटीवर ठेवा.

वाळलेलं टोमॅटोचं बी फिकट करड्या-सोनेरी रंगाचं असतं आणि त्यावर बारीक मखमली लव असते. ती बुरशी नव्हे, घाबरून फेकून देऊ नका. बुरशीचे डाग काळपट किंवा हिरवट असतात आणि त्यांना वास असतो.

पुरेसं वाळलं का? साधारण सहा-सात दिवसांनी काट्यावर वजन करा. सलग दोन दिवस वजन उतरलं नाही तर हवेने जेवढं वाळवायचं तेवढं वाळवलं. काटा नसेल तर एक बी नखाने दाबून तोडून पाहा. वाकलं तर ओलं, कट्‌कन तुटलं तर ठीक.

७. बाटलीत शेवटचं वाळवण आणि साठवण

हवेने वाळलेलं बी कोकणात अजून पुरेसं कोरडं नसतं. बी भोवतालच्या हवेइतकंच सुकतं, आणि आपली हवा कोरडी नाही. बियाण्याच्या नियमांत टोमॅटोला साध्या पिशवीत ८ टक्के आणि हवाबंद वेष्टनात ६ टक्के ओलावा ही कमाल मर्यादा आहे. तिथवर पोचायला शोषक लागतो.

बियाचं वजन असेल तेवढंच सिलिका जेल बाटलीत घाला, बी कागदी पाकिटात घालून वर ठेवा, झाकण घट्ट लावा. सात दिवसांनी उघडा. दाण्यांचा रंग पूर्ण बदललेला असेल तर ते मंद आचेवर तापवून मूळ रंगावर आणा, गार करा आणि आणखी चार-पाच दिवस बी त्यांच्यासोबत ठेवा. सिलिका मिळत नसेल तर जुने तांदूळ कढईत मंद आचेवर अर्धा तास परता, करपू देऊ नका. गरम असतानाच बाटलीत भरून झाकण लावा आणि पूर्ण गार झाल्यावर बियाचं पाकीट आत ठेवा. तांदूळ बियाच्या दुप्पट तरी हवेत, आणि मुदत दोन आठवडे. नुसते डब्यातले तांदूळ न भाजता घातले तर उपयोग शून्य, कारण ते आधीच हवेइतके ओले असतात.

बियाणं साठवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: जागेचं फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १००च्या आत असावी. आपल्याकडे आषाढात ८२ अंश आणि ८८ टक्के धरले तरी बेरीज १७० होते. कागदी पुडी, कापडी पिशवी, प्लास्टिकची चेनवाली पिशवी यांतलं काहीही या हवेपुढे टिकत नाही. पातळ प्लास्टिकमधूनही वाफ हळूहळू आत जाते. जुन्या घरांत बी राखेत घोळवून चुलीवरच्या माळ्यावर ठेवत, तिथे धूर आणि ऊब पावसाळाभर असे. गॅसच्या शेगडीवर ती सोय नाही.

म्हणून काचेची बाटली, रबरी वॉशर, आत थोडे ताजे तापवलेले दाणे, आणि बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. तापमान पाच अंशांनी उतरलं की बियाचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, आणि ओलावा एका टक्क्याने उतरला तरी तसंच. असं ठेवलेलं टोमॅटोचं बी चार-पाच वर्षं सहज चालतं. वीज जाते म्हणून घाबरू नका; बाटली घट्ट असेल तर काही तासांच्या उबेने बिघडत नाही.

जपायचं ते एवढंच: बाटली फ्रिजमधून काढल्याबरोबर उघडू नका. गार बियावर दमट हवेचं दव धरतं आणि सगळी मेहनत दोन मिनिटांत पाण्यात जाते. रात्री बाहेर काढा, सकाळी उघडा. पाकिटावर पेन्सिलीने वाणाचं नाव, फळ तोडल्याची तारीख आणि किती झाडांचं बी आहे ते लिहा. शाईचं लिखाण ओलीने पसरतं.

८. उगवण तपासा, मगच पेरा

तपासणी गणपतीच्या आधी उरका. उगवण कमी निघाली तर दुसरीकडून बी मिळवायला वेळ राहतो. (बी काढल्यावर लगेच तपासू नका, ताजं बी काही आठवडे सुप्त असू शकतं.) वीस बिया मोजून ओल्या, पिळलेल्या सुती फडक्यावर मांडा, गुंडाळी करून डब्यात ठेवा, रोज ओल पाहा. पाच ते आठ दिवसांत मोड येतात. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते, म्हणजे वीसपैकी चौदा. दहा ते तेरा आल्या तर बी दीडपट टाका. दहाच्या खाली आलं तर नवं बी शोधा.

एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे बिया भरतात, आणि घरच्या बारा-पंधरा झाडांना पंचवीस पुरतात. म्हणजे दोन-चार फळांचं बीसुद्धा शेजारीपाजारी वाटण्याइतकं होतं. वाटायला कायद्याची आडकाठी नाही: वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचा हक्क आहे. संरक्षित (त्या कायद्याखाली नोंदवलेल्या) वाणाचं बी ब्रँडच्या वेष्टनात विकणं तेवढं वर्ज्य.

मागच्या हंगामात फळांवर ठिपके होते अशी शंका असेल, तर पेरणीच्या आदल्या दिवशी बी मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ मिनिटं ठेवा, मग गार पाण्यात बुडवून पसरून सुकवा. यासाठी थर्मामीटर आणि थर्मास दोन्ही हवेत. हाताच्या अंदाजाने करू नका, पाणी जास्त तापलं तर बी मरतं. तीन-चार वर्षं जुन्या बियाला हा उपचार देऊ नका.

पेरताना बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये. परतीचा पाऊस अजून असतो, म्हणून वाफ्यावर प्लास्टिकचा तिरका मांडव घाला. नुसत्या झावळांनी ऊन अडतं, पण थेंब पडून रोपांची मान मोडते. पंचवीस-तीस दिवसांत रोपं लावणीला येतात. उरलेलं बी परत बाटलीत टाकण्याआधी दाणे पुन्हा एकदा तापवून घ्या.